तुरीचं शुद्धीकरण

आमच्या तरुण मंडळात नऊ सभासद होते आणि त्यांत सहा पदाधिकारी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, उपचिटणीस, खजिनदार आणि एक शारीरिक शिक्षणप्रमुख, ज्याला स्वतःला दम्याचा त्रास होता. उरलेल्या तिघांना पद न मिळाल्याचं फार दुःख होतं. त्यांनी एकदा फुटून युवक संघ नावाचं वेगळं मंडळ काढलं. तीन माणसांच्या त्या संघाला अध्यक्ष दोन होते. गाण्याची पेटी कुणाच्या घरी ठेवायची यावरून पेटलेलं त्यांचं भांडण पेटीचा भाता फाटल्यावर आपोआप मिटलं आणि तिघं मान खाली घालून परत आले. अलीकडे मुंबईच्या एका होतकरू गृहस्थांची मला पत्रं येतात. आपल्या समाजाच्या तरुण मंडळांचा इतिहास ते लिहिताहेत. 'एवढ्याशा वस्तीत तुम्ही धर्माची ज्योत कशी तेवत ठेवलीत, ते दोन शब्दांत कळवावं,' असं ते लिहितात. दोन शब्दांत कळवता आलं असतं, पण ते दोन्ही शब्द छापण्याजोगे नव्हते. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मी त्या मंडळाची चिटणीस होते. माझं अक्षर चांगलं होतं, हे एकच कारण.

माझे वडील देवी टोचण्याच्या सरकारी खात्यात होते. निजामाच्या अमदानीत नोकरीला लागले आणि पोलीस ॲक्शननंतरही त्याच टेबलाशी, त्याच मोडक्या खुर्चीत बसत राहिले. फक्त डोक्यावरची तुर्की टोपी ट्रंकेत गेली आणि साहेब बदलले. नवे साहेब त्यांना पहिल्या दिवशी विचारत, 'तुम्ही नक्की कोण?' बाबा सांगत, 'बेने इस्राएल. यहुदी.' साहेबाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही की म्हणत, 'शनवार तेली. कोकणातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे.' बाबांनी आयुष्यात घाणा पाहिलेला नव्हता. खेड्यापाड्यांत मात्र त्यांना कुणी असं विचारत नसे. तिथे ते टोचणारे साहेब होते. आमचं घर जालना रस्त्याच्या अंगाला, गावाच्या कडेला होतं. सकाळी शेजारच्या घरातून उर्दू बातम्या ऐकू यायच्या, मग बांग, मग टांग्यांचे घुंगरू, आणि आमच्या स्वयंपाकघरात आईची नारळाच्या खवणीशी झटापट. मटणात आम्ही दूधदही घालत नाही, नारळाचं दूध घालतो. औरंगाबादेत नारळ म्हणजे देवाला फोडायची वस्तू, आणि आई आठवड्याला चार फोडायची म्हणून वाणी तिला भलतीच धार्मिक समजायचा. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत शनिवारचं सगळं रांधून चूल झाकली जाई, आणि घरभर त्या गरम राखेचा आणि नारळाचा वास राही. तो वास मला आजही कुठे आला तर मी जागच्या जागी थांबते.

आमचं प्रार्थनाघर असं वेगळं नव्हतं. बाबांच्या घराची पुढची खोली मोठी, म्हणून सणाला सगळी घरं तिथे जमत. प्रार्थनाघराला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मशीदच म्हणत आलो. पोलीस ॲक्शननंतर हा शब्द बाहेर उच्चारायची पंचाईत झाली, तेव्हा काहीजण हळूच 'मंदिर' म्हणू लागले आणि आपण फार हुशारी केली असं समजू लागले. सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असले तर चालत नाही, आणि बाया पन्नास असल्या तरी मोजत नाहीत. आमच्या गावात लहानमोठे मिळून बरोब्बर दहा पुरुष होते. त्यामुळे एकाला ताप आला तरी देवाचं काम अडत असे, आणि आमच्यातला प्रत्येक पुरुष, मग तो कितीही कुचकामी असो, स्वतःला फार महत्त्वाचा समजत असे.

मंडळ निघालं ते का, तर बाकी सगळ्यांनी काढलं म्हणून. त्या दोन-तीन वर्षांत ज्याला बघावं त्याच्याकडे एक झेंडा होता. शाळेच्या पटांगणावर रोज कुणीतरी कवायत करायचं, रोज कुणाची तरी फेरी निघायची. आमच्या पोरांना वाटलं, आपण काय पाप केलंय? हस्केल आमच्यातला सगळ्यात मोठा. बाविशीचा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, आवाज खणखणीत, भांग बाजूला. तो अध्यक्ष झाला, कारण तसं त्यानेच जाहीर केलं. मला हस्केल आवडायचा. हे लिहूनच टाकते, म्हणजे पुढे कुणी ओळींच्या मधून शोधत बसायला नको. सोळा वर्षांच्या मुलीला काय आवडावं याला काही धरबंध नसतो. बिल्ले झाले, खाकी चड्ड्या झाल्या, ठराव तर इतके झाले की दोन वह्या भरल्या. 'हे मंडळ असा ठराव करते की,' असं मी सुरुवात करून ठेवायची आणि मग पुढे काय घालावं यावर तासभर चर्चा चालायची.

मग मुंबईहून एक पाहुणे आले. चार दिवस राहिले. तिकडे आम्हा यहुद्यांचा नवा देश झाला होता आणि तिथे जाण्यासाठी आमच्यासारख्यांना तयार करणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी आम्हाला तिकडची गाणी शिकवली. आम्ही ती देवनागरीत लिहून घेतली आणि अर्थ न कळता गळा काढून म्हटली. हातात हात धरून गोल फिरायचा नाच शिकवला, त्यात शारीरिक शिक्षणप्रमुखाला दम लागून तो ओट्यावर जाऊन बसला. शेवटच्या दिवशी आईने मलिदा केला होता. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच फळं. एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन आम्ही तो वाटतो, नवस फेडताना, लग्नात, कुणी प्रवासाला निघताना. पाहुणे हसून म्हणाले, 'हे आपलं नव्हे बरं का. हे इथल्या लोकांचं उचललेलं. हे सोडायला हवं.' सगळ्या तरुणांनी माना डोलावल्या. आई आतून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, 'तिसऱ्यांदा ताट पुढं केलं तेव्हा कुणाचं वाटत होतं त्यांना?'

पण जाताना पाहुणे एक वाक्य टाकून गेले, आणि त्याने आमची वाट लागली. 'तिकडे कारकून नकोत, शेतकरी हवेत.' नऊच्या नऊ जणांची तोंडं उतरली. आमच्यापैकी कुणी कुंडीतसुद्धा काही लावलेलं नव्हतं. तातडीने सभा भरली आणि शेतीवर्ग काढायचं ठरलं. शेत कुठून आणायचं? बाबांची ओळख होती. चिकलठाण्याचा लिंबाजी पाटील. आज त्या बाजूला विमानं उतरतात, कारखाने आहेत, माझा भाचा तिथे सातव्या मजल्यावर राहतो. तेव्हा ते नुसतं खेडं होतं, आणि लिंबाजीची दोन एकराची पट्टी रस्त्यालगत होती. बाबा त्याच्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होते. लिंबाजीने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, 'म्हंजी पोरं फुकट निंदायला येणार?'

'शिकायला येणार,' बाबा म्हणाले.

'शिकू द्या की. मपलं काय जायलंय? पर साहेब, त्यायला खुरपं कोणत्या हातात धरायचं ते तरी ठावं हाय का?'

ठाऊक नव्हतं. तरी आषाढापासून दर रविवारी आम्ही सायकलींवर तिकडे जायचो, खाकी चड्ड्या, बिल्ले, गाणी. लिंबाजीची बायको हसून हसून बेजार व्हायची. आमच्या हाताला फोड आले की ते आम्ही एकमेकांना दाखवायचो. दोन तास निंदलं की अध्यक्षांचं भाषण, मग घरून नेलेले डबे. त्या शेतात बाजरी होती आणि बाजरीत ठरावीक अंतराने तुरीची ओळ, जशी आपल्याकडे सगळेच शेतकरी पेरतात. बाजरी आधी निघते, तूर मागाहून वाढते आणि हिवाळ्यात काढतात. वर्षभराचं वरण त्या ओळींतून येतं. हे लिंबाजीने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही वहीत लिहूनही घेतलं होतं, कारण वहीत लिहिणं हेच आम्हाला येत होतं.

आता माझं स्वतःचं कर्तृत्व सांगते. नव्याच्या सणाच्या आधी, म्हणजे आमच्या वर्षारंभाच्या आधी, मी शास्त्रातलं शेतीविषयी काय काय आहे ते शोधून टाचण काढत होते, हस्केलवर छाप पडावी म्हणून. त्यात मला एक नियम सापडला, की एका शेतात दोन जातींचं बी मिसळून पेरू नये. मी तो सभेत वाचून दाखवला. हस्केल उभाच राहिला. 'म्हणजे आपण इतके दिवस अशुद्ध शेतात राबतो आहोत?' तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पुढचे आठ दिवस जेवण गेलं नाही. पुढे फार वर्षांनी एका जाणत्या माणसाने मला सांगितलं की हा नियम त्या देशाच्या मातीपुरता आहे, औरंगाबाद जिल्ह्यातल्या पाटलाच्या शेताचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे आम्ही माणसं म्हणून मूर्ख होतोच, पण धर्माच्या हिशेबानेही चुकत होतो. इतकं भरघोस अज्ञान फक्त थोडंसं वाचलेल्या माणसांनाच जमतं.

नवीन वर्ष लागल्यानंतरच्या रविवारी लिंबाजी बायकोमुलांसह लेकीच्या गावी बारशाला गेला होता. हस्केल म्हणाला, हीच संधी आहे, आल्यावर त्याला शुद्ध शेत दिसेल आणि बाजरी दुपटीने येईल. आम्ही नऊजण ओळीने उभे राहिलो. गाणं म्हटलं. 'पहिलं झाड रिबका उपटेल, नियम तिने शोधलाय,' हस्केल म्हणाला. माझ्या कमरेएवढी तूर होती. दोन्ही हातांनी धरून ओढली तर ओल्या मातीतून सहज आली. मग सगळे तुटून पडले. निंदताना कधी न दिसलेला उत्साह त्या दिवशी दिसला. उपटणं सोपं असतं. दुपारपर्यंत बांधावर तुरीचा छातीएवढा ढीग झाला.

तेवढ्यात पलीकडच्या पडीक रानातून एक धनगर मेंढ्या घेऊन आला. म्हाळू त्याचं नाव. चारपाच रविवारी दुरून दिसायचा, कधी आमची गाणी ऐकत काठीवर रेलून उभा राहायचा. तो ढिगाकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, 'ताई, तूर कामून उपटायलाव?'

मी हस्केलकडे पाहिलं. हस्केल म्हणाला, 'तुला नाही कळणार. हे शास्त्र आहे.'

'शास्त्र आसंल, पर ही तूर हाय. लिंबाजीमामा लई खवळतील.'

'तुझ्या मामाचं भलंच होणार आहे. हे बघ, हा ढीग घेऊन जा. घाल तुझ्या मेंढ्यांना. आमच्याकडून.'

म्हाळू जरा घुटमळला. पण मेंढ्यांनी अध्यक्षांचा हुकूम मानून तोंड घातलंच होतं. आम्ही सायकलींवर बसलो आणि गाणं म्हणत परत आलो. त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी लिहिलं, 'शेतीवर्ग समाधानकारक झाला. एका गरजू मेंढपाळास मदत करण्यात आली.'

मंगळवारी संध्याकाळी आम्ही पुढच्या खोलीत गाण्याची तालीम करत होतो. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. लिंबाजी दारात आला, धुळीने भरलेला, डोळे लाल. आईने पाण्याचा तांब्या दिला तो त्याने तसाच बाजूला ठेवला. 'साहेब, मपली समदी तूर गेली,' तो म्हणाला. 'धनगरानं उपटून मेंढरायला घातली. रविवारी तिन्हीसांजेला घरी आलो तर बांधावर मेंढरं तूरच खायलेली. जागीच धरला त्याला. कोंडवाड्यात घातली समदी मेंढरं. अन् वरून म्हणतो, तुमच्या शहरातल्या पोरायनं उपटली म्हणून. मला काय ते खरं वाटंना, पर इचारावं म्हणलं. ती गेलती का रविवारी?'

पेटी थांबली होती. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मला खरोखर वाटलं की हस्केल आता उभा राहून शास्त्र समजावून सांगेल. दोन दिवस तो त्याचीच तयारी करत होता. हस्केल उभा राहिला आणि म्हणाला, 'गेलो होतो. निंदून अकराला परत आलो. तूर उभी होती.'

'धनगर दिसला व्हता?'

'दिसला. बांधापाशीच घोटाळत होता.'

बाबा लिंबाजीकडे वळले. 'लिंबाजी, माझ्या घरात बसून ही मुलं खोटं बोलणार नाहीत. ही माझी जबान.'

'तुम्ही म्हणता तर झालं, साहेब. तुम्ही टोचायला आलता तवा अर्धा गाव रानात पळाला व्हता. म्या मपलं लेकरू तुमच्या पुढं धरलं व्हतं.' त्याने तांब्या उचलला, पाणी प्याला आणि निघून गेला. तो गेल्यावर बाबा आत गेले आणि हस्केल हलक्या आवाजात म्हणाला, 'आपली चारपाच घरं. या दिवसांत आपलं नाव खराब झालं तर कुणाकडे बघायचं? धनगराचं काय, आज इथे, उद्या तिथे.' कुणी काही बोललं नाही. मीही नाही. दिवस वाईट होते हे खरं आहे, आमच्या गल्लीतल्या लोकांनी काय काय पाहिलं ते मलाही माहीत आहे. पण हस्केलने ते दुःख स्वतःच्या भित्रेपणावर पांघरूण म्हणून वापरलं, आणि त्याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही. स्वतःला तर त्याहून नाही.

बुधवारी संध्याकाळी दारफाळणीचा सण लागला. दारं लावून घ्यायचा दिवस. जगभरचे यहुदी त्या दिवशी उपास करतात आणि वर्षभराच्या पापांची माफी मागतात. आमच्या बेने इस्राएलांत त्यात आणखी भर, की त्या दिवशी दार आतून लावायचं, बाहेरच्याशी बोलायचं नाही, शिवायचं नाही, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत. दिवस मावळायच्या आत आईने पुऱ्या आणि कोंबडीचा रस्सा वाढला, नारळाच्या दुधातला, मग गव्हाची खीर. सगळी घरं आमच्याकडेच मुक्कामाला आली. सगळ्यांचे कपडे पांढरे. हस्केलला पांढरा सदरा फार शोभत होता, इतका की मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला दाराची कडी वाजली. आम्ही बाया मागच्या खोलीत होतो, त्या खोलीची खिडकी ओट्याला लागून. 'साहेब,' बाहेरून आवाज आला. 'टोचणारे साहेब हायेत का?' पुढच्या खोलीत प्रार्थना चालू होती. कुणी उठलं नाही, उठायचं नव्हतंच. मी आवाज ओळखला. आईने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, 'कुणी नाही गं. फकीर असेल.' मग शांत झालं. मला वाटलं, गेला. बाराच्या सुमाराला खिडकीच्या फटीतून पाहिलं तर तो ओट्याच्या पायरीवर उन्हात बसला होता, घोंगडी डोक्यावर घेऊन. पुढे कडी आणखी दोनदा वाजली. पुढच्या खोलीत पापांची यादी चालली होती. आम्ही खोटं बोललो, आम्ही लुबाडलं, आम्ही दुसऱ्यावर आळ घेतला, अशा अर्थाची ती लांबलचक यादी, आणि प्रत्येक पापाला छातीवर एक मूठ. सगळ्यात मोठा आवाज हस्केलच्या मुठीचा होता. यादी हिब्रू भाषेत असल्याने कुणाला काही लागत नव्हतं.

तीनच्या पुढे म्हाळूने कडी सोडली आणि दाराला तोंड लावून बोलू लागला. 'साहेब, उद्या मपल्या मेंढरायचा लिलाव हाय. चार दिस झाले, कोंडवाड्यात पाण्याचा ठिकाणा नाय. तुमच्या पोरायनीच तूर उपटली, अन् त्यायनीच मला घालाय सांगितली. हे म्या लिंबाजीमामाला लई सांगितलं. ते म्हणतेत साहेबानं जबान दिली. तेवढं एकदा येऊन खरं सांगा, मग मपल्याला मारलं तरी चालंल.'

आत सगळ्यांनी ऐकलं. एक क्षण प्रार्थना थांबली, आणि मग हस्केलने पुढची ओळ दुप्पट आवाजात उचलली. बाकीच्यांनी त्याच्यात आवाज मिळवला. मी मागच्या खोलीतून उठले. आईने पदर धरला, तो सुटला. पुरुषांच्या खोलीत मी जाऊन उभी राहिले तेव्हा सोलोमनकाका, आमच्यातले सर्वांत वयस्कर, प्रार्थना चालवणारे, डोळे वटारून म्हणाले, 'पोरी, आत जा.'

'बाबा, तो खरं बोलतोय,' मी म्हटलं. 'पहिलं झाड मी उपटलं. ढीग हस्केलने दिला.'

बाबांनी हस्केलकडे पाहिलं. हस्केल पुस्तकात बघत होता. बाबांनी अंगावरची प्रार्थनेची शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि दाराकडे निघाले.

'डॅनियल!' सोलोमनकाका ओरडले. 'आज दार उघडायचं नाही. आणि तू गेलास तर आम्ही नऊ उरतो. प्रार्थना मोडेल.'

'दहावा मंगळवारीच मोडलाय,' बाबा म्हणाले आणि त्यांनी कडी काढली.

याबद्दल पुढे मंडळाने बाबांच्या निषेधाचा ठराव केला. तो लिहायला नवीन चिटणीस नेमावा लागला. दोन वर्षांत हस्केल आणि आणखी चारजण त्या देशाला गेले, आणि दहाचा आकडा आमच्या गावात पुन्हा कधी झाला नाही. हस्केल तिकडेही कारकूनच झाला, असं ऐकते.

त्या दुपारी आम्ही तिघं चालत निघालो. बाबांनी दार उघडलं, पण टांग्यात बसले नाहीत. सणाला वाहन चालत नाही. उपाशीपोटी, बिनपाण्याचे, पांढऱ्या कपड्यांत ते पुढे, म्हाळू मागे, त्याच्या मागे मी. दोन तासांची वाट होती. एकदा फक्त बाबांनी विचारलं, 'तू केव्हापासून बाहेर बसला होतास?' म्हाळू म्हणाला, 'सकाळधरनं, साहेब.' बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे बघत चालले.

लिंबाजी खळ्यावर होता. बाबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, स्वतःची जबान खोटी पडली हेही सांगितलं. लिंबाजीने आधी म्हाळूकडे पाहिलं. मग मला म्हणाला, 'कामून उपटली गं पोरी?'

'आमच्या धर्मात दोन बियाणं एकत्र पेरत नाहीत,' मी म्हटलं.

'आन् शेत कुणाचं व्हतं?'

लिंबाजीच्या बायकोने पाणी आणलं. बाबांनी हात जोडून नको म्हटलं, अजून दिवस मावळायचा होता. तिला वाटलं, आम्ही त्यांच्या घरचं पाणी पीत नाही, आणि ती तांब्या घेऊन आत गेली ती परत बाहेर आली नाही. ते समजावण्याचं त्राण बाबांच्यात नव्हतं. लिंबाजी म्हणाला, 'वरीसभर लेकरायला कोरडी भाकर घालीन, तवा तुमची याद येईल साहेब. पर धनगराला म्या मारलं, ते आता कसं माघारी घेऊ?' तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हाळूचा एक कान सुजून काळा पडला होता.

कोंडवाडा गावाच्या टोकाला होता, चार दगडी भिंती आणि काट्यांची फांदी. लिंबाजीने स्वतः राखणदाराला सांगून ती बाजूला करवली. मेंढ्या बाहेर आल्या त्या सरळ ओढ्याकडे धावल्या. म्हाळू मात्र आत गेला. एक मेंढी भिंतीला टेकून उभी होती, हलत नव्हती, आणि तिच्या पायांशी इवलंसं कोकरू पडलं होतं. म्हाळूने ते उचललं, त्याच्या नाकात फुंकर घातली, पोट चोळलं, पुन्हा फुंकर घातली.

'कवा व्याली?' त्याने विचारलं.

'पहाटं,' राखणदार म्हणाला. 'आईला पान्हाच फुटंना, पाणी नाय तर काय करंल? लई वरडलं बिचारं. आत्ता दुपारी गेलं. बारा वाजेपस्तोर जितं व्हतं.'

म्हाळूने कोकरू घोंगडीत गुंडाळलं आणि मेंढीला पुढे घालून तो ओढ्याकडे निघाला. बाबा त्याच्यामागे चार पावलं गेले आणि माफी मागू लागले. तो थांबला नाही. मी भिंतीपाशीच उभी होते. राखणदाराला आमची काही माहिती नव्हती, तो आपला सहज म्हणाला, 'ह्यो धनगर सकाळी सकाळी गेला कुठं व्हता? सांजच्याला येतोय.'

'आमच्या दारात होता,' मी म्हटलं.